एबीएसचा दिवा विझत नाही: रिले, वायर की अख्खं युनिट?

वाशिष्ठीकाठ · ११ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २००७ ची सेडान, पेट्रोल. १५ वर्षं झाली तेव्हा फेरनोंदणी करून घेतली, कारण इंजिन अजून खणखणीत आहे. गेल्या आठवड्यात एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला तो विझायलाच तयार नाही. चावी फिरवल्यावर तीन सेकंदांनी जायला हवा, तो तसाच राहतो. ब्रेक नेहमीसारखे लागतात, पॅडलमध्ये काही फरक नाही.

स्कॅन करून घेतलं. ‘व्हॉल्व्ह रिले सर्किट’ असा दोष आला. गॅरेजवाल्याने अख्खं एबीएस युनिट बदला म्हणून सांगितलं, खर्च साठ हजारांच्या आसपास. गाडी विकली तरी त्याच्या दुप्पट येतील की नाही शंका आहे.

वडिलांना दर पंधरा दिवसांनी कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच, तोही पावसात. त्यामुळे दिवा तसाच ठेवून चालवायचं मन होत नाही. दोष रिलेचा असेल तर नुसता रिले बदलून भागेल का? आणि तो रिलेचाच आहे हे घरी कसं तपासायचं? माझ्याकडे मल्टिमीटर आहे, तो वापरता येतो.

जुना_चालक · ११ जुलै, रात्री १०:०५

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.४ च्या वर, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. व्होल्टेज कमी पडला की एबीएसचा कंप्युटर सगळ्यात आधी तक्रार करतो.

घाटवळण · ११ जुलै, रात्री १०:२०

माझा मेव्हणा म्हणतो दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून टाका, दोन्ही एकदम विझतात. पन्नास रुपयांचं काम.

मीनल_नाशिक · ११ जुलै, रात्री १०:३१

घाटवळण, कृपा करून असं कुणाला सुचवू नका. आम्ही सेकंडहँड गाडी घेतली होती तिच्यात नेमकं हेच केलेलं होतं. पावसात पुढचा टेम्पो अचानक थांबला, मी ब्रेक दाबला, चाकं लॉक झाली आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली. टेम्पोच्या मागच्या फळीला लागून थांबलो. नंतर मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला तेव्हा कळलं की एबीएस कधीपासून बंद होतं. दिवा लागला असता तर मी अंतर तरी ठेवलं असतं.

घाटवळण · ११ जुलै, रात्री १०:४४

ताई, बरोबर आहे तुमचं. ऐकीव सांगितलं, मागे घेतो.

तारजोड · १२ जुलै, सकाळी ७:१५

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. वाशिष्ठीकाठ, पहिली गोष्ट ध्यानात घ्या. स्कॅनरने ‘व्हॉल्व्ह रिले सर्किट’ म्हटलंय. सर्किट म्हणजे बॅटरीपासूनचा फ्यूज, रिलेचं सॉकेट, रिले, तिथून युनिटपर्यंतची वायर, युनिटचं अर्थिंग (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट) आणि युनिटच्या आतला भाग. एवढ्यातलं कुठलंही बिघडलं तरी कोड तोच येतो. कोड वाचून थेट युनिट बदलणं म्हणजे घरात लाईट नाही म्हणून मीटर बदलण्यासारखं झालं.

२००७ च्या बऱ्याच गाड्यांत रिले युनिटच्या बाहेर असतात, बॅटरीजवळच्या डब्यात. दोन असतात. एक पंपाच्या मोटरचा, एक व्हॉल्व्हचा, म्हणजे चाकांकडे जाणारा ब्रेकचा दाब रोखणाऱ्या-सोडणाऱ्या झडपांचा. मोटरचा रिले एबीएस काम करतं तेवढ्यापुरताच ओढला जातो. व्हॉल्व्हचा रिले मात्र चावी लावून कंप्युटरची स्वतःची तपासणी पार पडली की ओढला जातो आणि गाडी बंद करेपर्यंत तसाच राहतो. काही दोष सापडला की कंप्युटर तो सोडून देतो, व्हॉल्व्हचा पुरवठा तुटतो आणि गाडीला साधे ब्रेक राहतात. म्हणजे तो एका अर्थी राखणदार आहे.

तुमच्या रिलेच्या पायांवर आकडे असतील. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा, ८७ म्हणजे पुढे जाणारा, ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे. कधी ८७ए सुद्धा असतो, तो कॉइल सुटलेली असताना ३० ला चिकटलेला असतो. आता क्रमाने करा.

चावी बंद करून रिले काढा. ८५ आणि ८६ मध्ये ओहम मोजा, साधारण ५० ते १२० मध्ये यायला हवेत. मग या दोन पायांना बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या, ‘टक’ आवाज आला पाहिजे, आणि त्या वेळी ३० आणि ८७ मध्ये मीटर जवळजवळ शून्य दाखवला पाहिजे. एक सांभाळा, काही रिलेत कॉइलला आडवा डायोड असतो. झाकणावर चित्र असतं, त्यात डायोड दिसला तर प्लस-मायनस उलटं देऊ नका.

मग सॉकेट. ३० च्या खाचेत बॅटरीचा पुरवठा येतोय का ते बघा, पण नुसत्या मीटरने नको, दिव्याने बघा. का ते नंतर सांगतो, गिऱ्हाईक आलंय.

स्वयंपाकीण · १२ जुलै, सकाळी ८:०२

अडाणी प्रश्न वाटेल, पण रिले म्हणजे नक्की काय? कंप्युटर सरळ करंट का सोडत नाही?

शेतकरी_सांगोला · १२ जुलै, सकाळी ८:४०

ताई, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बघितलाय का? हिरवं बटण बोटाने दाबलं की आतली कॉइल खटकन पट्टी ओढते, आणि मोटरचा खरा करंट त्या पट्टीतून जातो, बटणातून जात नाही. रिले म्हणजे तोच स्टार्टर, काडेपेटीएवढा. कंप्युटरने कॉइलला पाव अँपिअरपेक्षाही कमी द्यायचा, बाकी वीस-तीस अँपिअर पट्टीने सोसायचे. आमच्याकडे स्टार्टरच्या पट्ट्या जळतात तशा याच्याही जळत असणार.

तारजोड · १२ जुलै, दुपारी १:३०

सांगोलकर, शंभर टक्के. मीही शिकाऊ पोरांना स्टार्टरच उघडून दाखवतो.

डोंबिवलीकर_७ · १२ जुलै, दुपारी १:५२

आमच्याकडे हाच दिवा लागला होता, आणि कारण निघालं उंदीर. एका पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर कुरतडली होती. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं, चार पिल्लं आणि अर्धा मोदक. सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद होता, तेव्हा रागवायचं तरी कुणावर!

वाशिष्ठीकाठ, तुमचाही सेन्सर असू शकतो ना?

तारजोड · १२ जुलै, दुपारी २:१०

सेन्सरचा कोड वेगळा येतो, त्यात कुठलं चाक तेही कळतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा दोष पुष्कळदा चावी लावल्यावर दिसत नाही. दिवा विझतो, गाडी थोडी पुढे जाते, चार चाकांचे वेग जुळत नाहीत आणि मग दिवा लागतो. यांचा दिवा सुरुवातीलाच विझत नाही आणि कोडही रिलेचा आहे. म्हणून पुरवठा आधी.

वाशिष्ठीकाठ · १४ जुलै, रात्री ८:२०

तारजोड दादा, मनापासून आभार. बॅटरी १२.६, चालू गाडीत १४.१. फ्यूज काढून बघितला, शाबूत. शेजारच्या दुकानात त्याच नंबरचा रिले ४२० रुपयांना मिळाला म्हणून सरळ नवाच बसवला. दिवा गेला! तीन सेकंदांत विझला. कोड पुसून घेतला. उद्या वडिलांना घेऊन निघतोय.

मीनल_नाशिक · १४ जुलै, रात्री ८:३३

वा! साठ हजार वाचले. वडिलांना नमस्कार सांगा.

जुना_चालक · १४ जुलै, रात्री ८:५०

अभिनंदन.

तारजोड · १४ जुलै, रात्री ९:३०

आनंद आहे. पण जुना रिले टाकू नका. मी सांगितलं तसं टेबलावर ठेवून तपासा आणि आकडे इथे लिहा.

वाशिष्ठीकाठ · १६ जुलै, रात्री १०:१०

घाट उतरून-चढून आलो, दिवा लागला नाही. आज जुना रिले तपासला. कॉइल ८२ ओहम. १२ व्होल्ट दिले की टक वाजतो. ३० ते ८७ मीटर ०.२ दाखवतो, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्या तरी ०.२ च येतं. म्हणजे रिले चांगला आहे? मग दिवा गेला कसा?

तारजोड · १६ जुलै, रात्री १०:४०

याचीच भीती होती. रिले उपसताना आणि नवा दाबून बसवताना सॉकेट हललं, त्याची पाती घासली, खालची वायर हलली. कुठेतरी सैल किंवा गंजलेला जोड होता तो तात्पुरता लागला. जुनाच रिले काढून परत घातला असता तरी दिवा गेला असता. दिवा परत येईल, पाऊस पडू द्या.

आता राहिलेलं सांगतो. मीटर करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. तारेचा एक केस शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. माणूस खूश होतो, पुढं जातो. जोड खरा आहे का हे भार टाकल्यावरच कळतं. जुना हेडलाईटचा बल्ब घ्या, ५५ वॅटचा. तो साडेचार अँपिअर ओढतो. सॉकेटच्या ३० मधून त्याला पुरवठा द्या, दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला, आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजा.

ग्रँडरॅपिड्स_मराठी · १७ जुलै, सकाळी ६:०५

तारजोड यांच्याशी पूर्ण सहमत. मी मिशिगनमध्ये राहतो, गाड्या दुरुस्त करणं हा माझा छंद. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून सगळीकडे शिरतं. एबीएसच्या युनिटचं अर्थिंग ज्या बोल्टला असतं तो बोल्ट वरून चकचकीत आणि खालून पोखरलेला, असं दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा कोड युनिटचाच होता.

भार चालू ठेवूनच मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सॉकेटच्या ३० वर ठेवा. मधल्या वाटेत किती व्होल्ट ‘खाल्ले’ जातात ते थेट दिसतं. ०.२ च्या आत हवं. तसंच अर्थच्या बाजूने: युनिटच्या कपलरमधल्या (वायरी युनिटला जिथे खोचतात त्या प्लगमधल्या) अर्थच्या वायरीतून तोच बल्ब पेटवायचा आणि बॅटरीच्या मायनसपर्यंत किती पडतात ते बघायचं. कपलर काढण्याआधी बॅटरीचं मायनस सोडा, आणि पिनांमध्ये जाड काटा खुपसू नका, त्या पसरतात आणि नवाच दोष होतो.

कोकणकडा · १७ जुलै, सकाळी ९:१२

वाशिष्ठीकाठ, नावावरून चिपळूणचे दिसता. गाडी पुरात होती का?

वाशिष्ठीकाठ · १७ जुलै, सकाळी ९:४८

होती. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही आई-वडिलांना वरच्या मजल्यावर नेत होतो, गाडीकडे बघायला वेळच नव्हता. बॉनेट पूर्ण बुडलं होतं. नंतर सीट काढून धुतल्या, वाळवल्या, सगळी ऑइलं बदलली, गाडी सुरू झाली. तेव्हापासून बिनतक्रार चालली, म्हणून ही गोष्ट सांगायची सुचलीच नाही.

तारजोड · १७ जुलै, सकाळी १०:०५

दादा, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं की! २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीत अशा किती गाड्या आल्या. इंजिन वाचतं, सीट वाळतात, पण फ्यूजच्या डब्याच्या पोटात गाळ बसतो तो कुणी काढत नाही. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळंक चढतो ना, तसा दोन-तीन वर्षांत जोडांवर चढतो. डबा उलटा करून बघा.

सह्यपुत्र · १७ जुलै, दुपारी ४:२०

थोडं विषयाबाहेर. एबीएस नसताना आपण इतकी वर्षं घाट चालवलेच ना? पंप करत ब्रेक मारायचा, गिअर खाली घ्यायचा. त्याची इतकी धास्ती कशाला?

जुना_चालक · १७ जुलै, संध्याकाळी ६:००

सह्यपुत्र, चालवले, मीही चालवले. पण जिला एबीएस आहे त्या गाडीचा चालक पायाने पंप करायची सवय विसरलेला असतो, तो घाबरल्यावर दाबूनच धरतो. दुसरं, एबीएसचं मुख्य काम चाकं फिरती ठेवून स्टिअरिंग हातात ठेवणं. सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. पण ओल्या डांबरावर वळणात समोर काही आलं तर ब्रेक दाबून धरूनही गाडी बाजूला काढता येते, हे पायाने जमत नाही. पाय सेकंदात दोनदा-तीनदा हलेल, एबीएस दहाच्या पुढे हलतं.

आणि ज्या गाडीत एबीएसबरोबर ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) असतं तिथे व्हॉल्व्हचा पुरवठा गेला की तेही जातं. पिवळ्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही लागून राहतो. मग जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गर्रकन फिरू शकते. दोन्ही दिवे एकदम लागले तर ब्रेक ऑइल बघायचं आणि हळूहळू सरळ गॅरेज गाठायचं.

सह्यपुत्र · १७ जुलै, संध्याकाळी ६:२५

मागच्या चाकांचं माहीत नव्हतं. धन्यवाद काका.

वाशिष्ठीकाठ · २१ जुलै, रात्री ९:००

दिवा परत आला. काल दिवसभर धो धो, आज सकाळी चावी फिरवली आणि पिवळा तसाच. तारजोड दादा, तुमचे शब्द खरे ठरले. रविवारी डबा उघडतो.

वाशिष्ठीकाठ · २८ जुलै, रात्री ८:१५

सविस्तर लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

आधी बल्ब लावायच्या अगोदर मीटरने मोजलं. सॉकेटच्या ३० वर १२.४. एकदम झकास. मग हेडलाईटचा जुना बल्ब जोडला. तो पेटला, पण देवघरातल्या समईसारखा पिवळा. त्याच जागी मीटर लावला तर ८.१ व्होल्ट! बॅटरीच्या टोकांवर तेव्हा १२.३ होते. म्हणजे चार व्होल्टच्या वर वाटेत गडप.

मग ग्रँडरॅपिड्सच्या मित्रांनी सांगितलं तसं टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. बॅटरी ते फ्यूजच्या आधी, ०.०४. फ्यूजच्या पलीकडे, ०.०७. फ्यूज ते सॉकेट, बाकी सगळे. फूटभर वायरीत! बल्ब मिनिटभर चालू ठेवला आणि डब्याखाली हात घातला तर एक जागा गरम लागली.

बॅटरीचं मायनस काढून डबा सोडवला, उलटा केला. खालच्या झाकणात अजून पुराचा गाळ होता, तांबूस, वाळून शाडूच्या मातीसारखा कडक, त्यात वायरींचे ठसे उमटलेले. स्क्रू ड्रायव्हरने ढलपे काढले. व्हॉल्व्हच्या रिलेच्या सॉकेटखालचं ३० चं टर्मिनल वरून ठीक दिसत होतं. त्याच्या शेपटीशी, जिथे तार चिमटलेली असते तिथे, प्लास्टिकचं वेष्टण फुगलेलं. दोन बोटांत धरून जरा वाकवलं तर वेष्टणातून हिरवी पूड सांडली. तारेचे सगळे केस काळे पडून तुटलेले, दोन-तीनच शिल्लक होते. एवढ्यावर मीटर १२.४ दाखवत होता.

वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते, त्यांनीच टॉर्च धरला. म्हणाले, पाणी गेलं पण पाऊल ठेवून गेलं.

मीनल_नाशिक · २८ जुलै, रात्री ८:४०

फोटोशिवायही डोळ्यांसमोर आलं. दुरुस्त कसं केलंत?

वाशिष्ठीकाठ · २८ जुलै, रात्री ९:०५

ते स्वतः केलं नाही. चिमटायचा चांगला पकड माझ्याकडे नव्हता आणि या ठिकाणी पिळून टेप लावायची नव्हती. खेर्डीतल्या एका वायरमनकडे गेलो. त्याने काळी पडलेली तार चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापली, नवा तुकडा जोडला, नवं टर्मिनल चिमटलं, वर उष्णतेने आवळणारी नळी घातली. सगळा डबा धुऊन, वाळवून, बाकीचे जोडही बघितले. मोटरच्या रिलेच्या टर्मिनलवर कळंक चढायला लागला होता, तेही बदललं. मजुरी धरून ९०० रुपये.

नंतर तोच बल्ब लावून मोजलं. बॅटरी ते सॉकेट ०.१ च्या आत. आणि हो, जुनाच रिले परत बसवलाय. नवा टूलकिटमध्ये ठेवला.

तारजोड · २८ जुलै, रात्री ९:२०

लै भारी काम. ऊर भरून आला बघा. गाडी चालवून खात्री केली का?

वाशिष्ठीकाठ · २९ जुलै, रात्री ८:००

केली. दिवा तीन सेकंदांत जातो. निघाल्यावर थोडा वेग आला की बॉनेटखाली बारीक ‘घर्र’ ऐकू येतो, पंपाची तपासणी. दिवा लागलेला असायचा तेव्हा तो आवाज नव्हता हे आत्ता लक्षात आलं. सकाळी मोकळ्या, ओल्या मैदानात एकटाच जाऊन ३० च्या वेगाला पूर्ण ब्रेक दाबला. पॅडल पायाखाली थरथरलं आणि गाडी सरळ थांबली.

नवी_गाडी_२०१९ · ३० जुलै, सकाळी ११:१०

सगळा धागा वाचला. माझ्या गाडीतही हाच कोड आलाय, पण बॅटरीजवळच्या डब्यात एबीएसचा रिले कुठेच नाही, फक्त दोन मोठे फ्यूज आहेत. मग मी काय तपासू?

तारजोड · ३० जुलै, दुपारी १:४५

नव्या गाड्यांत रिले युनिटच्या आतच असतो, बाहेरून बदलता येत नाही. तिथे गॅरेजवाला युनिट म्हणतो ते खरंही असू शकतं. पण त्याआधी युनिटच्या कपलरमधल्या जाड वायरी धरा: दोन बॅटरीच्या, एक किंवा दोन अर्थच्या. प्रत्येकीवर हेडलाईटचा बल्ब पूर्ण उजेडात पेटला पाहिजे. पेटला आणि कोड तरी राहिला, तर दोष आतला. मग युनिटचा इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करणारे शोधा. तो भाग वेगळा निघत असेल तर ब्रेकच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत. अख्खं युनिट बदललं तर ब्रेकमधली हवा स्कॅनर लावून काढावी लागते आणि काही गाड्यांत कोडिंगही (नव्या युनिटमध्ये त्या गाडीची माहिती भरणं) लागतं, तेव्हा ते कामही त्याच बिलात ठरवून घ्या.

नवी_गाडी_२०१९ · ३१ जुलै, संध्याकाळी ७:३०

अर्थच्या वायरीवर बल्ब मंद! बोल्ट डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला आहे, मातीने माखलेला. उद्या सोडवून घासतो. वाशिष्ठीकाठ, तुम्ही नवी तार किती जाडीची घातलीत?

वाशिष्ठीकाठ · ३१ जुलै, रात्री ८:१०

मूळ जेवढी होती तेवढीच, ४ चौरस मिलिमीटर. बोल्ट घासल्यावर त्यावर थोडं ग्रीस लावा, आणि बल्ब पुन्हा पेटवून इथे आकडा लिहा.